एका रात्रीचं सामान

मुलीच्या वर्गातल्या काही पालकांनी मिळून कॅम्प काढायचं ठरवलं. बदलापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कुणाची तरी शेतजमीन होती. तिथे तंबू लावायचे, शनिवारी सकाळी जायचं, रविवारी दुपारी परत यायचं. एका मुलामागे एकच पालक, अशी अट होती. आमच्याकडे कोण जाणार यावर फार चर्चा झाली नाही. बायको घरी ब्लाऊज शिवते आणि माघातल्या लग्नांची कापडं तिच्या मशीनच्या दोन्ही बाजूंना साचली होती. तुम्हीच जा, ती म्हणाली, तसंही तुम्हाला जमिनीवर झोपायची सवय आहे. मी अंबरनाथला एका कंपनीत बॉयलरवर असतो. नाईट करून आलो की पलंग सोडून गार फरशीवर आडवा होतो, त्यावर हा टोमणा होता. मी तो गिळला, कारण मला जायचंच होतं.

त्याहून जास्त, मला मुलीला न्यायचं होतं. ती नऊ वर्षांची आहे आणि गेल्या चार वर्षांत ती आमच्या घराबाहेर एक रात्रही झोपलेली नव्हती. तिचा मामा अंबरनाथच्या बुवापाड्यात राहतो, म्हणजे आमच्यापासून धड अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. दिवसभर ती तिथे मामेभावंडांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायची, पण दिवेलागण झाली की हिच्या पोटात दुखायला लागायचं. घरी आणलं की पोट बरं. सुरुवातीला आम्ही डॉक्टर केले, जंतांचं औषध पाजलं. मग कळलं की दुखणं पोटाचं नाही, तेव्हापासून तिला घरकोंबडी म्हणून चिडवायला लागलो. चिडवून काही झालं नाही. मी मनातून धास्तावलो होतो. आज मामाकडे राहत नाही, उद्या कॉलेजला कशी जाईल, परवा नोकरीला कशी जाईल, असं माझं डोकं एकदा सुरू झालं की थेट तिच्या सासरपर्यंत पोचायचं.

आणि हीच मुलगी शाळेतून आली ती म्हणाली, कॅम्पला माझं नाव दिलंय. बाकावरची मैत्रीण जाणार म्हणून हिनेही हात वर केला होता. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे. दोघांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नाही, न जाणो, हिचा विचार बदलायचा. ही एक रात्र पार पडली तर पुढचं सगळं पार पडेल, असं मी धरून चाललो होतो.

मोबाईलवर ग्रुप झाला. त्यावर आणायच्या वस्तूंची यादी आली आणि यादीवर शंका आल्या. एका बाबांनी विचारलं, तंबूत चार्जिंगचा पॉईंट असेल का. एका आईने विचारलं, तिथे साप असतात का, आणि असतील तर रविवारी पण असतात का. हे सगळं जमवणाऱ्या ताई फार शांत बाई होत्या, प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. त्यांनी एक नियम घातला होता: मुलांनी आपली बॅग आपणच भरायची. आईवडिलांनी हात लावायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी बॅगेतलं सामान चादरीवर मांडायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, काही राहिलं असेल तर त्या सांगतील. मला हा नियम आवडला. कंपनीत दुरुस्तीच्या शटडाऊनच्या आधी हत्यारं अशीच मांडून बघतात.

बॅग मात्र घ्यायला हवी होती. रविवारी मी आणि मुलगी उल्हासनगरला गेलो, तिथल्या कॅम्प चार नावाच्या वस्तीत एका सिंधी काकांच्या दुकानात. आधी सांगतो, मला खरेदीला सोबत न्यावं असा माणूस मी नाही. पहिली बॅग दिसली की ती घ्यावी आणि घरी यावं, हे माझं तत्त्व. मुलीने अकरा बॅगा काढायला लावल्या. तिला फुलपाखरं नको होती, चकचकीत नको होतं. ती प्रत्येक बॅग उलटी करून शिवण बघत होती, आईची मुलगी शोभत होती. मग तिने काकांना विचारलं, "अंकल, ये पाणी में गिरी तो अंदर का गीला होगा क्या?"

काकांना प्रश्न आवडला असावा. त्यांनी गल्ल्यामागची पाण्याची बाटली उघडली आणि एका निळ्या बॅगेवर धार धरली. पाणी ओघळून खाली फरशीवर आलं. त्यांनी चेन उघडून तिचा हात आत घातला, आत कोरडं होतं. तिने तरीही विचारलं, आत कागद असतील तर. काका हसायला लागले. कॅम्प में कागज का क्या काम बेटा, घूमने जा रही है ना. मीही हसलो. तिने ती निळी बॅग पाठीला लावली, दुकानातल्या माळ्यावर जाणारा अरुंद लोखंडी जिना होता त्याच्या चार पायऱ्या चढून गेली, उतरून आली आणि म्हणाली, हीच. काकांनी मला विचारलं, पहाड चढने वाली है क्या. मी म्हणालो, तशीच आहे ती. आणि मला तिचं कौतुक वाटलं, किती बारीक विचार करते म्हणून.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमचं घर बदलापुरात तळमजल्यावर आहे आणि गल्ली संपते तिथून नदी फार लांब नाही. माझ्या वडिलांनी कोकणातून येऊन ही जागा घेतली तेव्हा नदी जवळ असणं चांगलं मानायचे. उल्हास नदी वर्षातले दहा महिने इतकी गरीब असते की तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. उरलेल्या दोन महिन्यांत ती कधी घरात येईल याचा नेम नाही. त्यामुळे आमच्या घरात विजेचे बोर्ड छातीइतक्या उंचीवर आहेत. फ्रीज कडप्प्याच्या ओट्यावर आहे. जून लागला की कपाटाचे खालचे दोन कप्पे आम्ही रिकामे करतो. नवीन पाहुणा आला की विचारतो, बटणं इतकी वर का. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही.

मुलगी पाच वर्षांची असताना पाणी आलं ते मात्र असं नेहमीचं नव्हतं. सकाळी साडेसहाला मोरीतून उलटं यायला लागलं आणि चहा होईपर्यंत घोट्याला लागलं. वर पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांनी हाका मारल्या. मी कागदांची पिशवी काढली. ही पिशवी आमच्याकडे कायम तयार असते. बासमती तांदळाची जाड, चेनवाली पिशवी, आत आधारकार्डं, रेशनकार्ड, घराचं अ‍ॅग्रीमेंट, गॅसचं पुस्तक, पासबुकं, माझं बॉयलरचं सर्टिफिकेट. मुलीला उचललं, जिन्याच्या वळणावर नेऊन बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "काही झालं तरी ही सोडायची नाही. इथून हलायचं नाही." असं म्हणालो ते मऊ आवाजात नाही. माझा आवाज एकदा चढला की मला आवरत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मग मी खाली गेलो. बायको शिलाई मशीन एकटीने उचलायला बघत होती. ते मशीन आणि सिलिंडर वर न्यायला आम्हाला अर्धा तास लागला असेल, तोवर पाणी कमरेला आलं होतं. बाकी सगळं गेलं. बायकोची मापांची वही गेली. पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं, कुणाचा गळा किती, कुणाची बाही किती, सगळं त्या एका वहीत होतं. बाई भांड्यांसाठी रडली नाही, गाद्यांसाठी रडली नाही, त्या वहीसाठी रडली.

मुलगी जिन्याच्या वळणावर होती तिथेच होती. पिशवी पोटाशी धरलेली. काकूंनी वर बोलावलं होतं, बिस्किटं दाखवली होती, ती हलली नव्हती. काकूंकडे आम्ही दोन दिवस राहिलो, दोन्ही रात्री ती पिशवी कुशीत घेऊन झोपली. बिल्डिंगमधली माणसं त्या गोंधळातही हसली. कुणीतरी तिला खजिनदार म्हणालं आणि ते नाव चिकटलं. आम्ही नातेवाइकांना कौतुकाने सांगायचो, एवढीशी पोर, पण पिशवी सोडली नाही हो. घर साफ झालं, रंग झाला, आणि पिशवी तिच्या उशाच्या कप्प्यात राहायला गेली. आम्हीही तिला ती तिथे राहू दिली. रेशनकार्ड लागलं की तिला सांगायचं, तिने काढून द्यायचं, काम झालं की परत तिच्याकडे. आम्हाला ती गंमत वाटायची.

कॅम्पच्या आठवड्यात मी माझी तयारी करत होतो. कंपनीतल्या एकाकडून सॅक आणली, दुसऱ्याकडून टॉर्च आणला. मेणबत्त्या, नायलॉनची दोरी, पाना, पक्कड. बायको म्हणाली, तंबू ठोकायला चाललात की कंपनी काढायला. मी पक्कड काढून ठेवली आणि ती आत गेल्यावर परत घातली. मुलीची निळी बॅग मात्र पलंगाखाली चेन लावून बंद. ती रोज शाळेतून आल्यावर दार लोटून काहीतरी भरायची. मी एकदा डोकावलो तर म्हणाली, ताईंनी सांगितलंय मोठ्यांनी बघायचं नाही. नियम म्हणजे नियम. मी बाहेर येऊन बायकोला सांगितलं की पोरगी एकदम तय्यार आहे. आठवडाभर पोटात दुखलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की जिंकलो.

शुक्रवारी माझी फर्स्ट शिफ्ट होती, चारला घरी आलो. सहापासून ग्रुपवर फोटो यायला लागले. चादरीवर मांडलेले कपडे, कानटोपी, टूथब्रश, डास पळवायचं मलम, डबा. एकीने तर मोज्यांचे जोड करून फुलासारखे मांडले होते. आमचाच फोटो राहिला. ताईंनी प्रेमाने आठवण केली. मी चादर अंथरली आणि मुलीला म्हटलं, काढ सामान. ती म्हणाली, फोटो नको. मी म्हटलं, सगळ्यांनी टाकलाय. ती म्हणाली, माझं सगळं बरोबर आहे, टाकून द्या की बरोबर आहे. तिने बॅग मांडीवर ओढून घेतली होती. ताईंचा दुसरा मेसेज आला. आणि माझं डोकं गेलं. मी बॅग तिच्या हातातून घेतली, चेन उघडली आणि चादरीवर उलटी केली.

आधी कागदांची पिशवी पडली. मग बायकोच्या मंगळसूत्राची डबी. या महिन्याचं लाईट बिल. दोन मेणबत्त्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. माझ्या बीपीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी. माझा जुना चष्मा. मशीनच्या बॉबिनची डबी. आणि बायकोची मापांची वही, नवीन, पुरानंतर तिने पहिल्यापासून लिहायला घेतलेली. ती वही दोन दिवस सापडत नव्हती म्हणून बायकोने माझ्यावर आळ घेतला होता. त्या ढिगात एक फ्रॉक नव्हता, कानटोपी नव्हती, ब्रश नव्हता. तिचं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

मी ओरडलो. कॅम्पला लाईट बिल कशाला लागतं, हे काय चाललंय, आई चार वेळा वही शोधून थकली. असलं बरंच. खरं तर काय बोलतोय ते कळत नव्हतं.  बायकोने मशीन थांबवलं, येऊन चादरीपाशी बसली, वही उचलली आणि नुसती हातात धरून राहिली. मग तिने मुलीला विचारलं, ही का घेतलीस गं.

"तेव्हा तुझी राहिली होती ना," मुलगी म्हणाली.

 मुलगी माझ्याकडे वळली. तिचा आवाज अजिबात रडवेला नव्हता, उलट मला समजत कसं नाही याचं तिला आश्चर्य वाटत होतं. तुम्हीच सांगितलंय ना, काही झालं तरी सोडायची नाही. मी गेले तर पिशवी इथे एकटी राहणार. मम्मीला मशीन पण उचलायचं असतं. मग मी ती कॅम्पला घेऊन जाणार.

मी चादरीवर बसलो. फोन वाजत होता, तो उलटा करून ठेवला. हळूहळू ते सगळं माझ्या डोक्यात शिरायला लागलं: मामाकडची पोटदुखी, दुकानातल्या पायऱ्या, बाटलीतलं पाणी. आमच्या घरात बॅग भरायची म्हटलं की एकाच कारणासाठी भरतात, आणि तिने आयुष्यात बॅग भरणं तेवढंच बघितलं होतं. ट्रिपला जाताना काय न्यायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पाणी आल्यावर काय न्यायचं हे शिकवलं होतं, आणि ते ती चोख शिकली होती. चार वर्षं आम्ही तिला घरकोंबडी म्हणत होतो.

पहिला विचार आला तो असा की तिला सांगावं, वेडे, जानेवारीत कुठे पूर येतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी पंचवीस वर्षं बॉयलरवर काढली आहेत, आणि तिथली एक गोष्ट माझ्या हाडात मुरलेली आहे. बॉयलरवरचा माणूस शिफ्ट संपली म्हणून उठून जात नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येतो, पाण्याची लेव्हल बघतो, प्रेशर बघतो, लॉगबुकात सही करतो, म्हणतो चार्ज घेतला. मग आपण उठायचं. रिलीव्हर नाही आला तर आपण आठ तास झाले तरी बसायचं, सोळा झाले तरी बसायचं. एकदा दिवाळीत मी असा बसलेलो आहे. सगळं ठीक आहे, जा घरी, असं गेटवरून कुणी कितीही सांगितलं तरी त्याला अर्थ नसतो. पाच वर्षांच्या पोरीला मी ड्युटीवर बसवलं होतं आणि चार वर्षं तिला सोडवायला कुणी गेलं नव्हतं. वर खजिनदार म्हणून तिचं कौतुक करून ड्युटी वाढवली होती.

मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू.

मी तिची एक जुनी वही आणली, कोऱ्या पानावर रेघा मारल्या आणि तिला सांगितलं की आमच्या कंपनीत कसं करतात. चार्ज देणार, चार्ज घेणार, वेळ, सही. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. माझं तोंड बघून तिला कळलं की नाही. बायकोने न सांगता पदर खोचला आणि समोर मांडी घालून बसली. मग मुलीने पिशवी उघडली आणि एकेक कागद काढून आईच्या हातात दिला. आधार तीन. रेशनकार्ड एक. गॅसचं पुस्तक. अ‍ॅग्रीमेंट, ह्याचं शेवटचं पान सुटं आहे, सांभाळून. बायको प्रत्येक कागद उलटसुलट बघत होती, लांबवर धरून वाचत होती, अगदी माझा रिलीव्हर बॉयलरच्या पाण्याची काच बघतो तसं. मी वहीत लिहीत होतो. घाई कुणीच केली नाही.

शेवटचं पासबुक देताना मुलगी थांबली. तिने ते सोडलं नाही, दोघींच्या हातात एकेक टोक होतं.

"आणि आलं पाणी तर?" तिने विचारलं.

मी पुन्हा जानेवारीवर येणार होतो. बायकोने मला डोळ्यांनी गप्प केलं.

"आलं तर आधी मी वर जाईन," ती म्हणाली. "काकूंकडे जाऊन बसेन. मग जमलं तर पिशवी. नाही जमलं तर जाऊ दे वाहून. शिर सलामत तो पगडी पचास. कागद परत काढता येतात गं. तुझे पप्पा मारतील चकरा, त्यांना दुसरं काम काय."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली. कागद परत काढता येतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला ते माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे म्हणजे तिलाही आहे असं आम्ही धरून चाललो होतो. तिने पासबुक सोडलं. बायकोने वहीत सही केली, पूर्ण नाव लिहून, खाली रेघ मारून. मुलीनेही सही केली. मग तिने विचारलं, बॅग तर रिकामी झाली, आता त्यात काय भरू. आणि त्या साध्या प्रश्नावर बायकोला रडू फुटलं, ते तिने मशीनवर जाऊन त्याच्या खडखडाटात लपवलं. मी मुलीला कपाटाजवळ नेलं आणि म्हटलं, तुला जे आवडतं ते भर. तिने पिवळा फ्रॉक घेतला, थंडीत त्याचा काही उपयोग नव्हता. तो मी भरू दिला. स्वेटर मात्र मी भरायला लावला. सगळ्यात शेवटी फोटो गेला, ताईंनी एक अंगठा पाठवला.

सकाळी कुळगावच्या नाक्यावर गाडी येणार होती. बायको दारापर्यंत आली. रात्री झोपताना पिशवी मुलीच्या उशाशी नव्हती. सकाळी ती आमच्या कपाटात दिसली, वरच्या कप्प्यात. मुलीने तिकडे एकदा बघितलं, आईला टाटा केलं आणि बूट घातले. मीच दोनदा मागे वळलो. गॅस बंद आहे का, मोरीची जाळी लावली का, असले माझे प्रश्न चालू होते, तोवर ती गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. पाठीवरची निळी बॅग इतकी हलकी होती की चालताना उड्या मारत होती.

गाडीत आम्हाला मागची सीट मिळाली. पुढे पोरांचा गलका सुरू झाला होता, भेंड्या चालल्या होत्या. ती अजून त्यांच्यात गेली नव्हती, माझ्या शेजारी बसून बुटांची लेस घट्ट करत होती. मला रात्रभर एक गोष्ट सलत होती. असलं बोलायची मला सवय नाही, बापाने मुलीची माफी मागायची रीत आमच्यात कुणी घातलेलीच नाही. पण गाडी सुरू झाली की राहून जाईल, म्हणून मी तिला म्हटलं, त्या दिवशी जिन्यात मी तुझ्यावर ओरडलो, तसं ओरडायला नको होतं. माझं चुकलं.

तिने लेस सोडली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही ओरडला नव्हता पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही रडत होता. मला वाटलं, मी पिशवी सोडली तर तुम्ही अजून रडाल."

मला ते आठवत नव्हतं. मला अजूनही आठवत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला त्या जिन्यात ओरडतानाच बघत आलोय, पण ती समोर बसली होती, तिने जवळून बघितलं होतं.  मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने तो थोडा वेळ राहू दिला. मग म्हणाली, पप्पा, जरा सरका ना, मला खिडकी पाहिजे. मी उठून तिला खिडकी दिली.